माझ्याच सहीची नोटीस

साल एकोणीसशे त्र्याहत्तर, माझं वय बासष्ट. त्या साली मला जन्मातली पहिली सरकारी नोटीस आली आणि तिच्याखाली सही माझीच होती. ती नोटीस ज्यांनी लिहिली, माझ्यापुढं सहीला ठेवली आणि शिपायाच्या हाती माझ्याच घरी पोचती केली, ते भास्करराव दहिवाळ, आमच्या नगरपालिकेच्या शिक्षण मंडळाचे हेडक्लार्क, दीड महिन्यापूर्वी वारले. बातमी घेऊन मंडळाचा शिपाई काशिनाथ आला. मी खळ्यावर होतो. तो लांबूनच टोपी काढून उभा राहिला आणि म्हणाला, "आण्णा, आपलं हापिस गेलं." मला वाटलं आग लागली. "दप्तर तरी भाईर काढलं का?" मी विचारलं. "न्हाई वो," काशिनाथ म्हणाला, "भास्करराव गेले. पहाटं."

स्मशानात बोलणारे बोलले. तिघांनी त्यांना 'नियमाचा माणूस' म्हटलं. त्या तिघांनीही कधी ना कधी त्यांच्याकडून नियमाबाहेरचं काम करून घ्यायला बघितलं होतं आणि तिघांनाही ते जमलं नव्हतं, हे मला ठाऊक आहे, कारण मी तेव्हा चेअरमन होतो. मलाही जमलं नव्हतं. या पुरवणीच्या संपादकांनी दोन पानं लिहून द्या असा निरोप धाडला, तेव्हा घरातले म्हणाले, तुम्ही सांगा, आम्ही उतरून घेतो. मी नको म्हटलं. मी दुसरी पास. तिसरीत नाव होतं, पण गेलो नाही. तरी भास्कररावांवर लिहायचं तर ते दुसऱ्याच्या हातानं लिहिणार नाही. ऱ्हस्व-दीर्घ छापणाऱ्यांनी बघून घ्यावं.

मी चेअरमन झालो तो असा. आमच्या नगरपालिकेत नगरसेवकांचे दोन गट. शिक्षण मंडळाच्या खुर्चीवरून त्यांचं काही केल्या जमेना. तेव्हा दोघांनाही त्रास होणार नाही असा माणूस म्हणून मला बसवलं. दोघांचाही अंदाज चुकला. पहिल्या दिवशी खुर्चीत बसलो, हार काढून ठेवला आणि समोर फाईल घेऊन उभ्या असलेल्या कारकुनाला विचारलं, "भास्करराव, आता माझ्या हातात काय काय आलं?" दुसरा असता तर म्हणाला असता, सगळं तुमचंच आहे. यांनी कपाट उघडून खाकी पुठ्ठ्याचं एक पुस्तक काढलं. प्राथमिक शिक्षणाचा कायदा. मुंबई सरकार होतं तेव्हा झालेला, महाराष्ट्र झाल्यावर तोच पुढं चालू राहिलेला. खेड्यापाड्यातल्या शाळा तोवर जिल्हा परिषदेकडं गेल्या होत्या, जिल्ह्याचं जुनं स्कूल बोर्ड मोडलं होतं. पण आमच्यासारख्या नगरपालिकेच्या गावात मंडळ राहिलं होतं आणि त्याला हाच कायदा लागू होता. पुस्तक इंग्रजी. पानापानावर लाल आणि निळ्या पेन्सिलीच्या रेघा.

"हे काय?" मी विचारलं.

"निळी रेघ म्हणजे मंडळाचा अधिकार. लाल म्हणजे मंडळाचं कर्तव्य."

"आन् चेअरमनचं?"

"चेअरमनचं फार नाही, आण्णा. सभेला यायचं, सभा चालवायची, ठरावावर सही करायची."

"आरं तिच्या! मग हार कशाला घातला?"

भास्करराव हसले नाहीत. ते म्हणाले, "हार नगरपालिकेनं घातला. त्याचं कलम या पुस्तकात नाही."

मला माणूस आवडला. काष्टीच्या बाजारात मी जन्मभर बैल पारखले आहेत. दात बघायचे, खूर उचलून बघायचे, मग चार पावलं चालवून बघायचं. तसा हा कायदा मला चालवून बघावासा वाटायला लागला. शनिवारी ऑफिस अर्धा दिवस. बाकीचे घरी गेले की भास्करराव पुस्तक उघडायचे, इंग्रजी बघायचे आणि मराठीत सांगायचे. मी समोर बसून प्रश्न विचारायचो. शाळा काढायची कुणी, हे ठीक. पण पोरं जास्त झाली आणि खोल्या पुरल्या नाहीत तर चूक कुणाची? मास्तर आमच्या शाळेत शिकवतो, मग त्याच्यावर हुकूम सरकारी अधिकाऱ्याचा कसा? बाप पोराला शाळेत घालत नसेल तर मंडळानं बघत बसायचं का? त्यांना उत्तर येत असेल तर सांगायचे. येत नसेल तर "बघतो" म्हणायचे, आणि पुढच्या शनिवारी खरंच बघून आलेले असायचे. मला आजवर "बघतो" म्हणणारी माणसं पुष्कळ भेटली, बघून आलेला हा एकच.

माझं आणि त्यांचं पहिलं भांडण एका मास्तराच्या बदलीवरून झालं. माझ्या मेहुण्याच्या ओळखीतला मास्तर, त्याला घराजवळची शाळा हवी होती. मी म्हटलं, "करून टाका." भास्कररावांनी पुस्तक आणलं. मी म्हटलं, "पुस्तक ऱ्हाऊ द्या, मी चेअरमन सांगतोय." ते म्हणाले, "म्हणूनच आणलं." बदली प्रशासन अधिकाऱ्यानं करायची, तीही कारण लिहून. मी पंधरा दिवस त्यांच्याशी बोललो नाही. शनिवार आला की मात्र मी आपोआप ऑफिसच्या रस्त्याला लागायचो, आणि ते काही झालंच नाही असं पुस्तक उघडून बसलेले असायचे.

त्यांची आणखी एक सवय. सहीला कागद आणले की ते एकावर एक पायरीसारखे लावायचे, म्हणजे खालच्या प्रत्येक कागदाचा फक्त सहीपुरता काठ बाहेर राहतो आणि एका दमात पंचवीस सह्या होतात. सगळ्या कचेऱ्यांत असंच करतात. पण भास्करराव टाक हातात देताना दर वेळी म्हणायचे, "आण्णा, वाचून घ्या." आणि मी दर वेळी म्हणायचो, "तुमी लिवलंय न्हवं? मग झालं." खरं कारण वेगळं होतं आणि ते त्यांना ठाऊक होतं. मला वाचता येतं, पण ओठ हलवून, एकेक अक्षर जोडून येतं. भरल्या ऑफिसात चेअरमननं ओठ हलवत वाचायचं? ते माझ्यानं झालं नसतं. सही मात्र माझी झकास. वळणदार, शेवटी दोन टिंबं.

मग तो दुष्काळ आला. त्याच्याबद्दल पुष्कळांनी लिहिलंय, मी लिहीत नाही. माझ्या घरापुरतं सांगतो. विहिरीनं तळ दाखवला. मुलगा जनावरं घेऊन छावणीवर गेला. सून सकाळी सातला भाकरी बांधून दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. चेअरमनची सून खडी फोडते म्हणून लोक बोलले, पण त्यात लाजण्यासारखं काही नव्हतं, निम्मं गाव तिथंच होतं. बायको गुडघ्यांनी अधू. राहिली नात शकू, दहा वर्षांची, चौथीत. गावात पाण्याचा टँकर यायचा, पण कधी दहाला, कधी बाराला, आणि नऊपासून रांगेत भांडी मांडून राखत बसावं लागायचं. भांड्यापाशी माणूस नसला की भांडं मागं ढकललं जायचं. शाळा अकराला. तेव्हा शकू शाळेऐवजी रांगेत बसायला लागली. कुणी तसं ठरवलं नव्हतं. एके दिवशी गेली, दुसऱ्या दिवशी गेली, आणि मग ते तिचंच काम झालं.

तुम्ही म्हणाल, आण्णा, तुम्ही घरी होता की. होतो. पण आमच्या आळीत पुरुषानं पाणी वाहायचं ते देवाला कावड नेताना. घराला पाणी बायांनी आणायचं. हे कुठं लिहिलेलं नव्हतं, त्यामुळं ते कुणी वाचूनही बघितलं नव्हतं.

फेब्रुवारीत मंडळाची सभा होती. मुलींच्या शाळेच्या हेडबाई हजेरीपट घेऊन आल्या. चौथीच्या वर्गात निम्म्या मुली येत नाहीत, तिसरीत तसंच. परीक्षा दोन महिन्यांवर. सभेत सगळे हळहळले. हळहळणं मला जमत नाही. मी टेबलावर हात आपटला. "सहा ते अकरा वर्षांच्या पोरांना सक्ती हाय ना? मग ती सक्ती हाय कुठं? भास्करराव, आईबापास्नी नोटीस काढायचा अधिकार हाय का न्हाई आपल्याला?"

भास्करराव उठले, पुस्तक उघडलं आणि अगदी हळू म्हणाले, "आण्णा, ते कलम लाल आहे."

"म्हंजे?"

"अधिकार नाही. कर्तव्य आहे. काढायला हवी होती, आपण काढली नाही."

मला फार आनंद झाला. आपण जे करायला निघालो ते नुसतं चालणारं नाही, करायलाच पाहिजे असलेलं आहे, असं पुस्तकात सापडलं की माणसाला जोर चढतो. ठराव झाला. तीन-चार दिवसांनी भास्कररावांनी नोटिसा तयार करून आणल्या. पायरी लावलेली चळत. माझ्याशेजारी एक नगरसेवक बसला होता, त्याला मी सांगत होतो की आईबापांची कशी गाळण उडेल बघ. टाक हातात आला. "आण्णा, वाचून घ्या." "तुमी लिवलंय न्हवं? मग झालं." बोलता बोलता साठ-सत्तर सह्या केल्या. शेवटच्या सहीपर्यंत टिंबं चुकली नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी काशिनाथ दारात. त्यानं पोचवही पुढं केली आणि नजर दुसरीकडं. "आण्णा, हितं आंगठा... न्हाई, सही करा."

"कशाची?"

"पोचल्याची."

कागद हातात घेतला. वर छापील, मध्ये भास्कररावांचं अक्षर, खाली माझी सही. शकू नुकतीच रांगेतून आली होती, घागर ठेवून परकराला हात पुसत होती. मी कागद तिच्याकडं दिला, म्हटलं, वाच. तिनं भराभर वाचलं, शाळेत धडा वाचतात तसं, हेल काढून. आपल्या ताब्यातील मूल, कुमारी शकुंतला, इयत्ता चौथी, ही शाळेत सतत गैरहजर असून... आठ दिवसांच्या आत मंडळाच्या कचेरीत समक्ष येऊन कारण सांगावे... न सांगितल्यास पुढील इलाज करण्यात येईल. मग ती थांबली. "आबा, खाली तुमीच हाय."

माझी बायको आतनं ऐकत होती. ती म्हणाली, "सही मातुर झ्याक केलीया."

"तू गप ऱ्हा."

"मी कशाला बोलू? तुमीच सोताला काय ते इचारा. आठ दिस हाईत."

शकूनं विचारलं, "आबा, मंग मी उद्या शाळंत जाऊ का?" तिचं दप्तर खुंटीला होतं. ती खुंटीकडं बघत नव्हती, माझ्याकडं बघत होती. मी उठलो. पटका गुंडाळला आणि तडक ऑफिस गाठलं. हे मी पहिल्यांदाच सांगतोय, की जाताना माझ्या डोक्यात शकू नव्हती. माझं नाव होतं.

ऑफिसात भास्करराव एकटेच होते. अधिकारी नगरला मीटिंगला गेलेले. मी कागद टेबलावर टाकला. "हे काय हाय?"

"नोटीस आहे."

"कुणाला?"

"मुलीच्या पालकाला."

"भास्करराव, माझी बोळवण करू नका. हे नाव काढा."

त्यांनी चष्मा पुसला. "काढतो. पण कशाच्या आधारे काढलं ते मला लिहावं लागेल. तेच लिहून बाकीच्यांचीही काढावी लागतील. चेअरमनच्या नातीसाठी निराळा खण नाही."

"तुमची बदली करीन!"

"तो अधिकार—"

"निळा न्हाई. ठावं हाय मला!" मी ओरडलो, आणि ओरडल्यावर माझं मलाच हसू आलं. दोन वर्षांचे शनिवार वाया गेले नव्हते. ते हसले नाहीत, पण माझी खुर्ची पुढं सरकवली. मी बसलो. चेअरमनच्या खुर्चीत नाही, पालकाला बसवतात त्या बाकावर.

"बरं," मी म्हटलं, "कारण सांगाया बोलावलंय. कोणतं कारण चालतं, ते वाचा."

त्यांनी पान काढलं. जवळपास शाळा नसली तर चालतं. आमच्या दारातून शाळेची घंटा ऐकू येते. मूल आजारी किंवा अधू असलं तर चालतं. शकू भरली घागर कमरेवर घेऊन चढ चढते. मुलाला दुसरीकडं, समाधान होईल असं शिक्षण मिळत असलं तर चालतं.

"थांबा. दुसरीकडं म्हंजे? घरी चालंल?"

"समाधानकारक असेल तर."

"मग घरी चाललंय. मी शिकवतो."

भास्कररावांनी टाक दौतीत बुडवला. जबाबाचा कागद घेतला. "लिहितो. काय शिकवता?"

मी त्यांच्याकडं बघितलं. तो माणूस थट्टा करत नव्हता. मी जे बोलेन ते तो खरंच लिहिणार होता. चौथीला काय असतं? अपूर्णांक असतात, एवढं मला माहीत होतं, कारण शकूनं एकदा मला विचारलं होतं आणि मी तिला रागावून बाहेर पाठवलं होतं. दोन वर्षं मी या गावच्या शिक्षणाचा चेअरमन होतो, पोरांच्या पुस्तकातलं पान उघडून बघितलं नव्हतं... टाकाच्या टोकावरची शाई वाळायला लागली. त्यांनी पुन्हा बुडवला. घाई केली नाही.

"ते खोडा," मी म्हटलं.

"अजून लिहिलंच नाही," ते म्हणाले.

मी ती यादी पुन्हा वाचायला लावली. मग पुन्हा. कुठंतरी फट असेल, असं मला वाटत होतं. आणि तिसऱ्या वेळी मात्र मला खरंच नवल वाटायला लागलं. राग बाजूला राहिला. मी म्हटलं, "भास्करराव, एक सांगा. आजारपण हाय, लांबचा रस्ता हाय, घरचं शिक्षण हाय. मग ह्या यादीत पाणी का न्हाई? गावातल्या निम्म्या पोरी पाण्यापायी घरी हाईत. हे लिवणाऱ्याला ठावं नव्हतं?"

त्यांनी यादीवरून पुन्हा एकदा बोट फिरवलं. मग म्हणाले, "लिहिणाऱ्यांच्या घरी पाणी कोण भरत होतं, कुणास ठाऊक, आण्णा. किंवा असं असेल की त्यांना चांगलं ठाऊक होतं. यादीत पाणी घातलं असतं तर एकही मुलगी शाळेत आली नसती."

या दोनपैकी कोणतं खरं, यावर मी आजही विचार करतो. कधी पहिलं वाटतं, कधी दुसरं.

"शाळंची येळ बदलता येती का?" मी विचारलं. "सकाळी सातला भरवा, धाला सोडा. पोरी मग रांगंला जातील."

भास्करराव एकदम सरळ बसले. दोन वर्षांत पहिल्यांदा मी असं काही विचारलं होतं की ज्याच्यासाठी त्यांना पुस्तकाबाहेर जावं लागलं. नियमांची दुसरी वही काढली, परिपत्रकांचा गठ्ठा सोडला. आम्ही दोघं त्या गठ्ठ्यावर वाकलो होतो. वेळ बदलता येते, पण वरून मंजुरी लागते. त्यांनी तिथंच कच्चा ठराव लिहिला. मला मोठ्यानं वाचून दाखवला आणि त्या दिवशी मी प्रत्येक ओळ ऐकून घेतली. ती मंजुरी जूनमध्ये आली, पाऊस पडून विहिरीला पाणी आल्यावर. पण ते पुढचं.

"मंजुरी यीस्तोवर काय?" मी विचारलं.

"तोवर नोटीस."

"आन् पाणी?"

त्यांनी कच्चा ठराव फाईलला लावला. मग मी, नुसतंच, विचारलं, "तुमच्या घरी कोण भरतं?"

"मी."

"तुमी? रांगंत?"

"हिचा दमा बळावलाय. आमच्या आळीला टँकर सकाळी सहाला येतो. दोन हंडे, दोन कळश्या."

"बाया हसत न्हाईत?"

"हसतात," भास्करराव म्हणाले. "आठवडाभर हसल्या. नंतर त्यांना कंटाळा आला."

त्यांनी मला असं कर, तसं कर, काही म्हटलं नाही. तो त्यांचा स्वभाव नव्हता. त्यांनी टाक पुन्हा दौतीत बुडवला आणि विचारलं, "मग कारण काय लिहू?" मी म्हटलं, "काही लिवू नका. आठ दिस हाईत न्हवं?" आणि उठलो.

त्या साठ-सत्तर नोटिसांपैकी किती पोरी शाळेत परत आल्या, हे मला सांगता येणार नाही. काही आल्या. काही आल्या नाहीत, त्यांचे आईबाप गाव सोडून गेले होते. भास्कररावांनी त्या प्रत्येक घरी स्वतः जाऊन चौकशी केली, एकालाही कोर्टात ओढलं नाही, पण एकाचंही नाव कारण लिहिल्याशिवाय काढलं नाही. दुसऱ्याच्या पदरी हे गुण पडले असते तर त्यानं गावभर सांगितलं असतं. यांनी सांगितलं नाही. नोटिशीचीही गोष्ट त्यांनी बाहेर कधी काढली नाही. ती मीच आज काढतोय.

एक कोडं मात्र माझ्या मनात राहिलं होतं. माझं नाव यादीत घातलं कुणी? आणि ते चळतीत लपवून माझी सही कशी घेतली? म्हणजे हा माणूस दिसतो तेवढा सरळ नाही, असं मला कधी कधी वाटायचं, आणि खरं सांगतो, त्याबद्दल मला त्यांचं कौतुकही वाटायचं. ते गेले त्याच्या आठ-दहा दिवस आधी मी त्यांच्या घरी गेलो होतो. फार वाळले होते. बाजेवर उशीला टेकून बिनदुधाचा चहा घेत होते. मी म्हटलं, "भास्करराव, आता सांगून टाका. माझं नाव तुमीच घातलं ना?"

"नाही. हेडबाईंच्या हजेरीपटावरून यादी आली. मी फक्त उतरवली."

"पर मला न दिसंल असं दडवून ठिवलं. ते तर कबूल करा."

त्यांनी कप खाली ठेवला. धाप लागली होती, तरी हसत होते. मी त्यांना असं हसताना क्वचित बघितलं होतं. "आण्णा, ती सगळ्यात वर होती. वरचा कागद पूर्ण दिसतो ना? मुद्दाम वर ठेवली, तुम्हाला दिसावी म्हणून. तुम्ही तिकडं त्या नगरसेवकाशी बोलत होता."

वर होती. पुरी उघडी. मोठ्या अक्षरात माझं नाव. मी तिच्यावर सही केली आणि पुढं गेलो. घरी येईपर्यंत मी वाटेत एकटाच हसत होतो, आणि घरी आल्यावर हसू गेलं.

तर त्या दिवशी, त्र्याहत्तर सालच्या फेब्रुवारीत, मी ऑफिसातून उठून घरी आलो. शकूनं पुन्हा विचारलं नाही. ती आपली भांडी घासत बसली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी लवकर आंघोळ केली, ऑफिसला जाताना घालतो तोच धुतलेला सदरा घातला, पटका बांधला आणि नऊच्या आधी हंडा आणि घागर उचलली. बायको चुलीपुढून बघत राहिली. "कुठं निघाला?" "हापिसला," मी म्हटलं, "पान्याच्या." खुंटीवरचं दप्तर काढून शकूच्या हातात दिलं.

टँकरच्या जागी पन्नास-एक बाया होत्या. मला बघितल्यावर सगळ्यांच्या माना वळल्या. धाकट्या सुनांनी पदर पुढं ओढले. कुणीतरी मागून म्हणालं, "अगं बया, चेअरमन इन्सपेक्शनला आलं." मी हंडा पुढं ठेवायला गेलो तर आळीतली सोनाबाई, माझ्याहून वर्षा-दोन वर्षांनी थोरली, ती कमरेवर हात ठेवून उभी. "आण्णा, हितं मानपान न्हाई. लाईन तिकडनं हाय."

"मी कुठं म्हनलो पुढं घे?"

"घरात बाया कमी पडल्या व्हय?"

"पोरगी आजपास्नं शाळंत जानार हाय."

"मंग आमच्या पोरींनी काय पाप केलं?"

"धाडा की. तुजा हंडा मी राखतो."

सगळ्या हसल्या. सोनाबाईनं माझ्याकडं जरा वेळ बघितलं, मग आपला हंडा पायानं माझ्या हंड्याशेजारी सरकवला आणि नातीला शाळेला धाडायला घरी गेली. परत आली तेव्हा नात तिच्यासोबत नव्हती. आणखी कुणी आपलं भांडं माझ्याकडं दिलं नाही. मी रांगेच्या शेवटी, दोन हंडे आणि एक घागर राखत, उन्हात बसून राहिलो. अकराला शकू दप्तर घेऊन रांगेवरून चालली. मला वाटलं लाजून मान खाली घालून जाईल. ती सरळ माझ्यापाशी आली, वाकली आणि घागर उलटी करून तिचं बूड मला दाखवलं.

"आबा, हितं भोक हाय. घागर भरली की बोट लावून धरायचं, न्हाईतर घरी जाईस्तोवर अर्धी व्हती. मी ह्या बोटानं धरते." तिनं आपलं बोट दाखवलं. मग शाळेची घंटा झाली आणि ती पळत सुटली.

टँकर बाराला आला. मी घागर भरून खांद्यावर घेतली, बुडाशी बोट लावलं आणि घराकडं चालायला लागलो.